मुठीतले तीन मेगावॉट

कुमुद वाघाडेने उभ्या नोकरीत एकदाच सरकारी फॉर्ममध्ये सगळं खरं लिहिलं. त्याची शिक्षा तिला अजून झालेली नाही, आणि होणारही नाही, कारण तशी तरतूदच नाही.

धारखेडच्या भार नियंत्रण केंद्रात ती पाळीप्रमुख होती. नवरा लाइनमन. तो खांबावर शॉक लागून गेला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. अनुकंपेवर मिळाली ती शिपायाची जागा. चहाचे कप उचलता उचलता तिनं पॅनेल वाचायला शिकून घेतलं. साहेबलोक काट्यांकडे पाहत, ती साहेबलोकांच्या तोंडांकडे. कुठला काटा हलला की कुणाचं तोंड कसं होतं, एवढ्यावर तिनं अर्धं विद्युतशास्त्र जमवलं. उरलेलं अर्धं दामूभाऊंनी शिकवलं.

दामूभाऊ म्हणजे दामोदर खंडारे, नवऱ्याचे कामावरचे जोडीदार. आता गावाच्या दुसऱ्या टोकाला जिनिंग चाळीच्या उपकेंद्रात यंत्रचालक. तिच्याहून सहा वर्षांनी मोठे, पण तिला ताई म्हणत. तीही त्यांना भाऊ म्हणे.

"हे सगळं एक जातं आहे ताई," त्यांनी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. "काश्मीरपासून खाली रामेश्वरपर्यंत एकच. सेकंदाले पन्नास फेरे. कोणी जास्त दाणे टाकले का जातं जड होते, फेरे कमी होतात. एकोणपन्नासच्या खाली गेलं का जनित्रं आपापला जीव वाचवाले हात काढून घेतात. मग अंधार."

त्या काळी जातं खरंच जड होतं. औष्णिक केंद्रांची शेकडो टनांची चाकं गरगरत असत. जात्याचा खुंटा सोडला तरी वरची तळी आपल्या वजनानं दोन फेरे घेते, तशी ती चाकं कोळसा तुटला तरी थोडा वेळ फिरत राहायची. त्या थोड्या वेळात माणूस फोन करू शके, शिवी देऊ शके, निर्णय घेऊ शके. पुढे वीज उन्हातून यायला लागली. सौर पॅनेल फिरत नाही. त्याला वजन नाही. ढग आला की वीज गेली, मधे काही नाही. विचार करायला पूर्वी मिनिटं मिळत, आता सेकंद मिळू लागले. म्हणून माणसाच्या जागी 'समतोल' आला. ही संगणकप्रणाली दर सेकंदाला देशभरच्या बेरजा-वजाबाक्या करायची आणि कुठला फीडर, म्हणजे कुठल्या वस्तीची वीजवाहिनी, तोडला तर बाकीचं जातं फिरत राहील ते सांगायची.

तरीही २०३९च्या मे महिन्यात महाअंधार झालाच. तीन दिवस. किती माणसं उन्हानं गेली याचे आकडे दर वर्षी वाढत राहिले. चौकशीत निघालं ते असं, की समतोलची गणितं बरोबर होती, त्याला मिळालेले आकडे खोटे होते. प्रत्येक उपकेंद्र थोडं थोडं खोटं बोलत होतं. कुणी दोन मेगावॉट लपवले, कुणी पाच. सगळ्यांचं मिळून एका मोठ्या शहराएवढं खोटं.

मग भरवसा मानकं आली. एकूण एकशे चौदा. पाळणं सक्तीचं, प्रत्येक चालकाला परवाना, चुकीला माणूस स्वतः जबाबदार. खोट्या आकड्याला दोन वर्षं कैद.

कुमुदला मानकं आवडली, हे इथे सांगून टाकायला हवं. महाअंधारात तिनं केंद्राच्या आवारात उशाशी ओली चादर घेऊन मेलेली माणसं पाहिली होती.

*

खोट्याला धारखेडमध्ये एक घरगुती नाव होतं. मूठ.

भाताला तांदूळ घेताना बाई एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते, तशी प्रत्येक यंत्रचालक आपल्या उपकेंद्रातल्या साठ्याच्या बॅटरीतून थोडी वीज बाजूला ठेवायचा. बॅटरी बारा मेगावॉटची, कागदावर नऊ. वरून कपातीचा हुकूम आला की वरच्यासाठी फीडर बंद, आणि खाली या मुठीतून ज्याला खरोखरच नड आहे त्याला वीस मिनिटं.

दामूभाऊंची मूठ तीन मेगावॉटची होती. ती कुणासाठी होती हे सगळ्या चाळीला माहीत होतं. जुन्या जिनिंग कारखान्याच्या गोदामात नगरपालिकेनं गारवाघर केलेलं. जाड भिंती, छताला पंख्यांच्या रांगा, थंड हवेची दोन यंत्रं. घरं टिनाची, म्हणून बारा ते पाच चाळीतली म्हातारी, आजारी, बाळंतिणी तिथं येऊन बसत. दामूभाऊंची बायको सिंधू तिथली देखरेख करायची. सिंधूवहिनींचं हृदय पाव हिश्शानं चालत होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, उन्हाळ्यात दुपारी गारव्याबाहेर वीस मिनिटं म्हणजे जुगार.

"मी देखरेख नाई करत व," वहिनी हसून म्हणायच्या. "माह्यावरच देखरेख आहे. मले फक्त किल्ली देली, का म्हातारी कामात राहीन."

एप्रिलमध्ये मानक अधिकारी आली. अनघा सोहोनी. पस्तिशीची, सुती साडी, पाण्याची बाटली स्वतःची. तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं, "हा माफीचा महिना आहे. तीस तारखेच्या आत स्वतःहून खरे आकडे द्या, फक्त ताकीद मिळेल. एक मेपासून मीटर थेट बॅटरीच्या आत बसतात. तेव्हा सापडलं तर मी काही करू शकणार नाही. अन् मला कुणाला तुरुंगात पाठवायची हौस नाही हो."

त्या संध्याकाळी कुमुद चाळीत गेली. दामूभाऊ बाजेवर बसून टरबूज कापत होते.

"भाऊ, मूठ लिहून टाकू."

"नको."

"मीटर बसलं की सापडणारच आहे."

"सापडू द्या. दीड महिना रायला माह्या रिटायरमेंटले. तेवढ्यात नाई सापडत."

"अन् सापडली तर दोन वर्षं आत. वहिनींना कोण बघणार?"

"ताई, मूठ सांगितली का मूठ राहत नाई," दामूभाऊ म्हणाले. "दिवाळीचा फराळ सांगून ठेवला का दिवाळीपर्यंत टिकते का?"

वहिनी आतून ओरडल्या, "तुमीच तर संपवता, तुमाले कोण सांगितलं फराळाचं!"

सगळे हसले. कुमुदही हसली. टरबूज खाल्लं आणि घरी येऊन विचार करत बसली. तिचं शिक्षण कमी होतं, आणि ज्यांचं ते कमी असतं त्यांचा कागदावर फार विश्वास असतो. तिला वाटलं, व्यवस्थित लिहिलं तर कागद समजून घेईल. तीस एप्रिलला पाळीप्रमुख म्हणून जिनिंग उपकेंद्राचा फॉर्म तिनं भरला. बॅटरी बारा. 'इतर माहिती'च्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'यांपैकी तीन मेगावॉट, वीस मिनिटे, गारवाघरातील अशक्त व्यक्तींसाठी स्थानिक राखीव म्हणून ठेवले जातात. ही पद्धत चालू ठेवण्यास परवानगी असावी.' खाली सही.

दामूभाऊंना लेखी ताकीद आली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि कुमुदला फोनवर एवढंच म्हणाले, "झालं तुमच्या मनासारखं." मग चार दिवस कामापुरतंच बोलले.

*

'इतर माहिती' समतोल वाचत नव्हता. तो आकडे वाचत होता.

पाच मेला कुमुदच्या लक्षात आलं, की जिनिंगची बॅटरी रोज दोनच्या आत रिकामी होते. बाविसाव्या मानकानुसार घोषित साठा सगळ्यांचा. दुपारी मागणी चढली की समतोल देशभरच्या बॅटऱ्या थोड्या थोड्या पिळून फेरे पन्नासवर ठेवत होता. दामूभाऊंच्या तीन मेगावॉटनं कुठल्यातरी शहरात कुणाच्यातरी जिन्यातला दिवा स्थिर ठेवला असेल. चूक काहीच नव्हती.

मग तिनं कपातीची यादी उघडली. धारखेड विभागात बासष्ट फीडर. गरज पडली तर कुणाला आधी तोडायचं त्याचा क्रम. जिनिंग चाळ गेल्या महिन्यात छत्तिसावी होती. आता पहिली होती.

तिनं तीनदा वाचलं. अडतिसावं मानक: ज्या उपकेंद्राकडे घोषित राखीव साठा आहे, ते स्वतःचा भार काही काळ पेलू शकते, म्हणून कपातीत त्याचा क्रम प्रथम. दोन्ही मानकं शहाण्या माणसांनी लिहिलेली होती. एकानं साठा सगळ्यांना वाटला, दुसऱ्यानं साठा आहे असं धरून चाललं. दोघांची समिती वेगळी होती.

तिनं अनघाला फोन लावला. अनघानं शांतपणे ऐकलं, मानकं तपासली आणि म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. हे दोन एकमेकांत अडकलेत. मी आजच वर लिहिते. पण माफीच्या आकड्यांवरून क्रम एकदा लागला, कुमुदताई, एरवी तो तिमाहीलाच बदलतो. पुढचा जुलैत."

"मधे काहीच नाही?"

"मधे एकच वाट आहे. त्या फीडरवर प्रत्यक्ष कपात झाली आणि तिचा अहवाल पूर्ण होऊन बंद झाला, तर क्रम नव्यानं लागतो. त्या एका फीडरचा."

"म्हणजे एकदा तोडावं लागेल."

अनघा म्हणाली, "मी लिहिते आजच."

दामूभाऊंना सांगायला हवं होतं. पण एकसष्टावं मानक होतं: कपातीचा क्रम कोणत्याही एका फीडरला आगाऊ कळवणे म्हणजे पक्षपात. हे मानकही उगाच आलेलं नव्हतं. पूर्वी कारखानदार ती यादी विकत घ्यायचे. केंद्रातला प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित होत होता. फोनच कशाला, जाऊन सांगता आलं असतं. कुमुदनं एकदा चप्पलही घातली. पण तीन आठवड्यांपूर्वी त्याच बाजेवर बसून नियम नियम म्हणून जिनं त्यांची मूठ उघडली, तिनं आता नियम मोडून काय सांगायला जायचं? आणि गेलंच तर आधी हे सांगावं लागलं असतं, की तुम्ही पहिले आहात ते माझ्यामुळे.

तिनं फोन केला.

"भाऊ, वहिनींना थोडे दिवस चिखलदऱ्याला पाठवता का? त्यांच्या भावाकडे. हवा गार आहे तिकडे."

"कायले?"

"असंच. यंदा उन्हाळा कडक आहे."

"दर सालीच कडक राहते. काहून, काही आहे का?"

फोनवरचा बारका लाल दिवा लुकलुकत होता.

"नाही," कुमुद म्हणाली. "काही नाही."

"मंग राहू द्या. तिचा जीव रमते तिथं. किल्ली आहे ना तिच्यापाशी," दामूभाऊ म्हणाले, आणि चार दिवसांनंतर पहिल्यांदा थोडे हसले. ते हसले म्हणून कुमुदला बरं वाटलं. इतकं, की तिनं पुढे काही बोलायचं टाळलं.

*

अठरा मेला दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी वाळवंटातल्या सौर पट्ट्यावर धुळीची भिंत चढली. धारखेडमध्ये तेव्हा तापमान सत्तेचाळीस पॉइंट आठ होतं आणि आकाश स्वच्छ होतं.

पडद्यावरचा आकडा पन्नासवरून घसरला. एकोणपन्नास पॉइंट आठ. पॉइंट सहा. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं गजानन महाराजांचं नाव घेतलं. कुमुदसमोर पिवळी चौकट आली.

धारखेड विभाग. कपात तीन मेगावॉट. क्रम एक: जिनिंग चाळ. चालकाची संमती? सहा सेकंद.

संमती माणसाचीच हवी, हे मानकात मुद्दाम घातलेलं होतं. यंत्रानं परस्पर अंधार करू नये म्हणून. संमती दिली नाही, तर सहा सेकंदांनी समतोल पुढच्याकडे जात नव्हता. तो पूर्ण विभाग तोडत होता. बासष्ट फीडर, चार इस्पितळं, चौदा गारवाघरं.

तिला त्या सहा सेकंदांत बरंच काही आठवलं असेल असं कुणालाही वाटेल. तसं काही झालं नाही. तिनं गणित केलं. एक की बासष्ट. चौथ्या सेकंदाला तिनं बोट ठेवलं.

देशभर त्या दिवशी असं साडेनऊशे बोटांनी केलं. फेरे एकोणपन्नास पॉइंट चारवर थांबले आणि वर आले. कुठेही अंधार झाला नाही. संध्याकाळच्या बातम्यांत याला मानकांचा विजय म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

तिनं फोन उचलला. "भाऊ, जिनिंग तोडलंय. बॅटरीत काय आहे?"

"शून्य दाखवते, ताई."

"थोडंसुद्धा?"

"शून्य म्हंजे शून्य. माह्या हातात काहीच नाई." मागे कुणीतरी पळत गेल्याचा आवाज. "किती वेळ?"

"वर विचारते. धुळीवर आहे सगळं."

"ताई, मी उपकेंद्र सोडू शकतो का?"

कपात चालू असताना यंत्रचालकानं जागा सोडायची नाही. हे मात्र मानकांच्याही आधीचं होतं. त्यांनीच तिला शिकवलेलं. जोडताना माणूस जागेवर नसला तर लाइनवरचा कुणीतरी मरतो. तिचा नवरा असाच गेला होता.

"नाही, भाऊ," ती म्हणाली.

ते थांबले. सव्वीस मिनिटं थांबले.

गारवाघरात त्या दुपारी एकशे चाळीस माणसं होती. पंखे थांबले तशी हवा त्यांच्याच श्वासांनी दमट झाली. दारं उघडली तर बाहेरची झळ आत. सिंधूवहिनींनी सगळ्यांना भिंतीलगत बसवलं, माठातलं पाणी वाटलं, लेकरांच्या डोक्यावर ओले पंचे टाकले. पाणी संपलं तेव्हा त्या आतल्याच कोपऱ्यातल्या नळावर गेल्या. नळ पंपावर, पंप विजेवर. तिथंच बादलीशेजारी बसल्या. वीज आली तेव्हा पंख्याच्या वाऱ्यानं त्यांचा पदर हलला, म्हणून बायांना वाटलं, उठताहेत.

*

कुमुदनं स्वतःहून लेखी कबुली दिली. अनघा ती घेऊन तिच्यासमोर बसली. तिचे डोळे सुजलेले होते.

"मी हे कशाखाली नोंदवू?" तिनं विचारलं. "आकडे तुम्ही खरे दिलेत. संमती वेळेत दिलीत. क्रम कुणाला सांगितला नाहीत. कपात सव्वीस मिनिटांची, परवानगी तीसची. कुमुदताई, यात उल्लंघन कुठेच नाही."

"माणूस गेलंय."

"उष्माघात आरोग्य खात्याकडे जातो."

"मग मला ओरडा तरी," कुमुद म्हणाली. अनघानं तिचा हात धरला. कुमुदनं तो सोडवून घेतला. ओरडण्याऐवजी हात धरणं तिला सोसेना.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, एकतीस मेला, सकाळी दामूभाऊ केंद्रात आले. नोकरीचा शेवटचा दिवस. इस्त्रीचा शर्ट, केस उतरवलेले. त्यांनी कपातीचा अहवाल टेबलावर ठेवला. त्यांची सही झालेली होती. पाळीप्रमुखाची बाकी होती.

कुमुदनं वाचला. कालावधी, सव्वीस मिनिटं. कारण, प्रणालीचा आदेश. शेवटचा रकाना समतोलनं मिनिटांवरून स्वतःच भरलेला होता. 'ग्राहकांवरील परिणाम: नगण्य.'

"हे मी सही करणार नाही," ती म्हणाली. "हा शब्द बदलल्याशिवाय नाही. वर पाठवते, समिती बसू दे."

"समितीले किती दिवस लागन?"

"लागू देत."

"ताई." ते खुर्चीत बसले. मोठ्या कष्टानं, म्हाताऱ्यासारखे. "मले अनघा मॅडमनं समजावलं सगळं. अहवाल बंद नाई झाला, तर चाळीचा नंबर पहिलाच राहते. आज पुन्हा सत्तेचाळीस सांगितलं आहे. गारवाघरात आजही माणसं बसणार आहेत. माही गेली म्हणून दुसऱ्याच्या म्हाताऱ्या काहून घालवता?"

"पण नगण्य, भाऊ?"

"लिहिणाऱ्याले काय माहीत सिंधू कोण होती." त्यांनी पेन तिच्याकडे सरकवलं. "तुमी अक्षर चांगलं काढता. करा."

तिनं सही केली. पडद्यावर अहवाल बंद झाला आणि यादी हलली. जिनिंग चाळ एक्केचाळिसावी.

दामूभाऊ पडद्याकडे बघत होते. "पहिला आता कोण?"

यादी त्यांच्याही समोरच होती.

"टाकळी," त्यांनी वाचलं. "तिथं बी मूठ होती काय?"

"दोन मेगावॉटची. त्यांनीही खरं लिहिलं."

"टाकळीले शेवयांचं शेड आहे. टिनाचं. साठ बाया बसतात. सांगितलं कोणी त्यांले?"

टेबलावरच्या फोनचा लाल दिवा लुकलुकत होता. कुमुदनं फोनकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. हात टेबलावरच होता.

दामूभाऊंनी तेवढं पाहिलं. खिशातून दुपट्टा काढून डोक्याला गुंडाळला, मोटारसायकलची किल्ली शोधली. टाकळी अकरा किलोमीटर. बाहेर साडेदहालाच डांबर मऊ पडलं होतं.

"भाऊ, थांबा. मीही येते," ती उठत म्हणाली.

"नको," ते दारातून म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर तिला पेलला असता. "तुमी बसा, ताई. तुमाले नियम आहे."

कुमुद बसली.